ऊडनाडाटाच्या कच्च्या रस्त्यावर खड्डा चुकवू नका

ॲडलेडला नव्याने आलेली मराठी मंडळी मला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या ऊडनाडाटा ट्रॅक या रस्त्याबद्दल विचारतात, कारण आम्ही तो तीनदा केलाय. मारी ते मार्ला, साधारण 620 किलोमीटर, बराचसा 'घॅन' या आगगाडीच्या जुन्या, आता बंद पडलेल्या मार्गाच्या कडेने. सगळा कच्चा. इंधन मिळतं ते मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्लाला, प्रत्येक टप्पा दोनशे किलोमीटरच्या आसपास. दिसेल त्या पंपावर टाकी फुल्ल करा.

डांबर संपलं की गाडी बाजूला घ्या आणि टायरमधली हवा कमी करा. मी 36 पीएसआयवरून 28 वर आणते. टायर जरा मऊ झाला की टोकदार दगडावर दबतो, सहसा चिरत नाही. पण मग वेग 80 च्या आतच हवा, नाहीतर कमी हवेचा टायर तापून फुटतो.

रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा असतो. वेगात गेलं की खडखड कमी होते आणि बरं वाटतं, पण तेव्हा चाकं फक्त उंचवट्यांना टेकत असतात, ब्रेक धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे गाडी शिकलेल्या माणसाचा हात खड्डा दिसला की आपोआप स्टेअरिंग फिरवतो. ढिल्या खडीवर तेच जिवावर बेततं. पुढची चाकं घसरतात, गाडी आडवी होते, कडेच्या मातीत चाक रुतलं की उलटते. म्हणून स्टेअरिंग सरळ धरा, लांबूनच वेग कमी करा आणि चाक खड्ड्यात उतरायच्या क्षणी ब्रेक सोडा, म्हणजे शॉकअपला दबायला जागा मिळते. कांगारू आडवा आला तरी हेच: ब्रेक सरळ, वळण नाही. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त, म्हणून आम्ही चारच्या सुमारास मुक्काम गाठतो.

समोरून गाडी आली की धुरळ्यात काही दिसत नाही. डावीकडे घ्या, दिवे लावा, धूळ बसेपर्यंत थांबा. रोड ट्रेनच्या, म्हणजे मागे दोन-तीन ट्रेलर जोडलेल्या लांबलचक ट्रकच्या मागे असाल तर गाडीतल्या यूएचएफ रेडिओच्या 40 नंबर चॅनलवर चालकाशी बोला. त्याने सांगितल्याशिवाय ओव्हरटेक करू नका.

मागच्या जुलैत विल्यम क्रीकच्या पुढे आमचा मागचा टायर बाजूने फाटला. जॅक लावला तर तो फुफाट्यात घुसतच गेला, गाडी तसूभर उचलेना. शेवटी भाजी चिरायची जाड लाकडी फळी खाली घातली, तेव्हा चाक सुटलं. तेव्हापासून दीड फुटाची फळी आणि दोन स्टेपन्या गाडीतच असतात.

पाऊस पडला की तिथली माती आपल्या काळ्या रानासारखी चाकाला धरते. रस्ता बंदचा फलक असेल तर जाऊच नका. दंड होतोच, आणि रुतलात तर कोण कधी येईल याचा नेम नाही. गाडी बंद पडली तरी ती सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्यांना आधी गाडी दिसते. माणशी दिवसाला दहा लिटर पाणी आणि एक सॅटेलाइट फोन हवाच, मधल्या पट्ट्यात मोबाइल लागत नाही.

मार्लाला डांबर दिसलं की लगेच वेग घेऊ नका. आधी हवा भरा, चाकांचे नट परत आवळा, आणि घरी फोन करा.