एमएमओ ओस पडलाय की तुमचीच वेळ चुकतेय? सोलापुरातून तपासायची रीत

"एमएमओचा जमाना गेला" हे गेली पंधरा वर्षं ऐकू येतंय. त्यात अर्धं तथ्य आहे. एमएमओ म्हणजे हजारो लोक एकाच जगात एकत्र खेळतात असा ऑनलाइन गेम. २०१० मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. एकाच गेमभोवती इतकी गर्दी जमायचे दिवस गेले, हे मान्य करायला हवं. पण १९९७ चा अल्टिमा ऑनलाइन आणि १९९९ चा एव्हरक्वेस्ट अजून चालू आहेत. २००७ च्या बॅकअपवरून २०१३ मध्ये पुन्हा उभ्या केलेल्या ओल्ड स्कूल रूनस्केपवर तर अलीकडे एका वेळी २ लाखांहून जास्त लोक दिसलेत. जुने तग धरून आहेत, नव्यांपैकी बरेच गळतात, आणि निव्वळ गप्पांसाठी एमएमओत येणारा मोठा वर्ग मोबाइल गेम आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपकडे सरकला.

विजापूर रोडवरच्या खोलीत बसून खेळणाऱ्याला या जागतिक चर्चेचा उपयोग कमीच. त्याचा प्रश्न साधा असतो: रात्री साडेनऊला जेवण उरकून मी बसेन, तेव्हा माझ्या सर्व्हरवर डन्जनला (टोळी करून लढायच्या मोहिमेला) जायला माणसं मिळतील का? हे पैसे भरायच्या आधी तपासता येतं. महिनाभर लागतो, खर्च काही नाही.

आकडा कशाचा आहे ते आधी बघा

बातमीत "इतके कोटी खेळाडू" असं वाचलं की तो आकडा नोंदणीचा आहे, वर्गणीदारांचा, महिन्यात एकदा तरी आलेल्यांचा की एका वेळी ऑनलाइन असलेल्यांचा, हे पाहा. नोंदणीचा आकडा कधीच खाली येत नाही. दहा वर्षांपूर्वी एकदा खातं उघडून विसरलेला माणूसही त्यात धरलेला असतो. या आकड्याकडे लक्षच देऊ नका. वर्गणीदारांचा आकडा चांगला, पण कंपन्या तो आता सांगत नाहीत. वॉरक्राफ्टच्या कंपनीने २०१५ मध्ये ५५ लाखांचा आकडा दिला आणि त्यानंतर हा हिशोब जाहीर करणंच बंद केलं. उरतो तो एका वेळी ऑनलाइन असलेल्यांचा आकडा. कामाचा तोच.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर असलेल्या गेमसाठी हा आकडा स्टीमडीबी या संकेतस्थळावर फुकट दिसतो. तो वाचताना पहिल्या महिन्याचं शिखर सोडून द्या. न्यू वर्ल्ड सप्टेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा स्टीमवर एका वेळी ९ लाख १३ हजार लोक होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने त्यात नवीन काही देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरची गर्दी मोजायची आणि त्यावरून नवी पेठेतल्या दुकानाचा रोजचा गल्ला सांगायचा, तसलाच हा प्रकार.

शनिवार-रविवार टाळून सलग चार बुधवारांचे आकडे वहीत लिहा. प्रत्येक दिवसाचे दोन: सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी. त्यांच्याशेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे आकडे मांडा. मागच्या महिन्याशी तुलना केली तर फसाल. डिसेंबरच्या सुट्ट्यांत आकडा फुगतो आणि मोठा पॅच (गेममधली नवी भर) येऊन सहा-आठ आठवडे झाले की उतरतो. तो उतार नेहमीचाच. गेम खरंच उतरणीला लागला असेल तर वेगळंच चित्र दिसतं: प्रत्येक पॅचनंतरचं शिखर आधीच्या पॅचच्या शिखरापेक्षा बुटकं. असं सलग तीनदा झालं तर मात्र सावध व्हा.

आता त्या दोन आकड्यांचं एकमेकांशी प्रमाण. माणसं झोपतात, कामाला जातात, त्यामुळे दिवसाचा आलेख लाटेसारखा हवा. समजा शिखर ४०,००० चं आहे आणि तळ १५,००० ते २२,००० च्या दरम्यान, तर खेळणारी माणसंच आहेत. तळच ३४,००० असेल तर बॉटचा, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमचा, संशय घ्या. लॉस्ट आर्कचा आकडा फेब्रुवारी २०२२ मध्ये १३ लाख २५ हजारांपर्यंत गेला होता, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने १० लाखांहून जास्त बॉट खाती बंद केल्याचं स्वतःच सांगितलं. याला अपवाद ब्लॅक डेझर्टसारख्या गेमचा. तिथे लोक पात्राला मासे पकडायला बसवून रात्रभर पीसी चालू ठेवतात. आलेख सपाट दिसतो, पण खाती खरी असतात.

स्टीमवर सगळंच दिसत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट तिथे नाही. फायनल फँटसी १४ आहे, पण त्याचे बरेच खेळाडू स्टीमबाहेरून येतात, त्यामुळे स्टीमचा आकडा पाहून "पडला" म्हणू नका. ओल्ड स्कूल रूनस्केप स्वतःच्या संकेतस्थळावर चालू आकडा दाखवतो, आणि प्रत्येक वर्ल्डचा (म्हणजे तिथल्या सर्व्हरचा) वेगळा आकडाही यादीत असतो. एका वर्ल्डची मर्यादा २,००० आहे. ईव्ह ऑनलाइनमध्ये लॉगिनच्या वेळीच ऑनलाइन संख्या दिसते. ती दुपारी साडेचारला पाहू नका, कारण रोज ११ यूटीसीला, म्हणजे आपल्या ४:३० ला, सर्व्हर काही मिनिटं बंद असतो.

आत शिरून मोजणी

आलेख पाहून झाला की फुकटच्या खात्याने आत जा. वॉरक्राफ्ट २० व्या लेव्हलपर्यंत फुकट आहे, फायनल फँटसी १४ ची ट्रायल ७० व्या लेव्हलपर्यंत. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार अशा तीन रात्री, दर वेळी साडेनऊला आणि साडेअकराला मोजा.

मुख्य शहरातल्या चौकातली गर्दी मोजण्यात अर्थ नाही. तिथे निम्मे लोक नुसते उभे असतात, आणि बऱ्याच गेममध्ये वेगवेगळ्या सर्व्हरचे खेळाडू एकाच चौकात आणून सोडलेले असतात. मधल्या लेव्हलच्या भागात जा. वॉरक्राफ्टमध्ये 'हू' कमांडने त्या भागातली नावं मिळतात. यादी ५० च्या आसपास कापली जाते, म्हणून सबंध सर्व्हर एकदम न शोधता एकेक लेव्हल-गट शोधून बेरीज करा. फायनल फँटसीत प्लेअर सर्च आहे.

डन्जनच्या रांगेत उभं राहायचं ते डीपीएस (मारा करणारा) म्हणून. टँक (मार झेलणारे) आणि हीलर (जखमा भरणारे) नेहमीच कमी असतात, त्यांना दोन मिनिटांत पार्टी मिळते आणि गेम भरलेला वाटतो. डीपीएसला साडेनऊला १५ मिनिटांच्या आत डन्जन मिळालं तर ठीक. पाऊण तास लागला आणि तिन्ही रात्री तसंच झालं, तर खालच्या लेव्हल रिकाम्या झाल्यात. वरच्या लेव्हलला पोचायला तुम्हाला ज्या सोबत्यांची गरज आहे, ते वर निघून गेलेत.

सगळ्यात खरं बोलतो तो गेममधला बाजार. ऑक्शन हाउसमध्ये महागडं शस्त्र बघू नका. रोज लागणारी स्वस्त वस्तू बघा, एखादं हीलिंग पोशन किंवा लोखंडाचा धातुक. किती जणांनी विकायला ठेवलंय आणि सर्वात कमी भाव किती, ते लिहून २४ तासांनी पुन्हा पाहा. तेच विक्रेते, तेच नग, तोच भाव असेल तर घेणारं कोणी नाही. भाव वर-खाली झाला आणि नावं बदलली, तर सर्व्हर जिवंत आहे. फायनल फँटसीच्या मार्केट बोर्डवर आधीच्या विक्रीची यादी वेळेसकट असते, त्यामुळे दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागत नाही. मात्र ट्रायल खात्याला मार्केट बोर्ड उघडत नाही, तिथे ओळखीच्या कोणाच्या खात्यावरून बघावं लागतं.

घड्याळ आणि केबल

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. गेम भरलेला असतो, आपण पोचतो तेव्हा तिकडची माणसं झोपलेली असतात. रेड, म्हणजे मोठ्या टोळीने वेळ ठरवून केलेल्या लढाया, साधारण तिथल्या रात्री आठला सुरू होतात. जर्मनीतले आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात ११:३० आणि हिवाळ्यात १२:३०. सिंगापूरचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:३०, जपानचे ४:३०, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे पहाटे ५:३० किंवा ६:३०. साडेनऊला बसणाऱ्या सोलापूरकराला सिंगापुरात मध्यरात्र मिळते आणि युरोपात संध्याकाळ. घड्याळाच्या हिशोबाने युरोप बरा.

पिंगच्या, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या, हिशोबाने उलट. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई ४०० किलोमीटर आणि तिथून सिंगापूर सुमारे ४,००० धरलं, तर जाऊन-येऊन ४४ मिलिसेकंद कमीत कमी लागणारच. प्रत्यक्षात ७० ते ९० आला तरी चांगला समजा. युरोपला १४० ते १८०. कोणतंही "गेमिंग" राउटर घेतलं तरी हे अंतर कमी होत नाही. दुकानदार काहीही सांगो.

मग निवड कशी करायची? फायनल फँटसीत बहुतेक चाली अडीच सेकंदांच्या ठेक्यावर चालतात, तिथे १६० चा पिंग चालून जातो. वॉरक्राफ्टचा ठेका दीड सेकंदाचा, तिथेही रेड होते, फक्त शत्रूची चाल मधेच मोडायचं काम गिल्डमधल्या (खेळाडूंच्या कायमच्या गटातल्या) दुसऱ्या कोणाला द्या. अल्बियन ऑनलाइनसारख्या समोरासमोरच्या मारामारीत मात्र १६० म्हणजे हार. त्याचा आशियाचा सर्व्हर आहे, तोच घ्या.

पिंग मोजताना लॅपटॉपला लॅन केबल लावा, वायफायवर मोजू नका. बरेच गेम सर्व्हर कमांड प्रॉम्प्टच्या पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून गेममध्ये दिसणारा लेटन्सीचा (म्हणजे पिंगचा) आकडाच धरा. सरासरीपेक्षा उड्या बघा: कायम १७० असलेला पिंग ९० वरून ४०० वर नाचणाऱ्यापेक्षा बरा. आणि एखाद्या आठवड्यात अचानक सगळं जड झालं तर गेमला दोष द्यायच्या आधी बातम्या पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या होत्या, अशा वेळी इथून युरोपकडचा पिंग वाढतो.

वीज गेली की लॅपटॉपच्या आधी राउटर आणि फायबरचा डबा बंद पडतो. दोन्हींना बहुधा १२ व्होल्ट लागतात. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, घेताना डब्याखाली छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. रेडच्या मध्येच तीनदा गायब झालात तर गिल्ड चौथ्यांदा बोलवत नाही.

सर्व्हर जोडले म्हणजे गेम मेला का?

नाही. चार अर्धवट भरलेल्या सर्व्हरचे दोन भरलेले केले तर खेळणाऱ्याचा फायदाच होतो. वाईट चिन्हं वेगळी: पुढच्या सहा महिन्यांचा आराखडा येणं थांबतं, दुकानात नवे पोशाख येत राहतात पण नवं डन्जन येत नाही, सणाचा इव्हेंट गेल्या वर्षीचाच जसाच्या तसा येतो. ही तिन्ही एकत्र दिसली तर फुकट खेळा, पैसे घालू नका. वाइल्डस्टार २०१४ मध्ये आला, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाला. सर्व्हर बंद झाला की विकत घेतलेला घोडा, पोशाख, घर, काहीच हातात राहत नाही. उलटही घडतं: फायनल फँटसी १४ चा २०१० चा पहिला अवतार इतका फसला की २०१२ मध्ये बंद करून २०१३ मध्ये नव्याने उभा केला गेला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की कंपनीला विक्री थांबवावी लागली.

पैसे भरताना

पहिल्यांदा एकच महिना घ्या. वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते, पण दुसऱ्या महिन्यात गिल्ड फुटली की उरलेले दहा महिने वाया. फायनल फँटसीत दोन सापळे आहेत. बेस गेम स्टीमवर घेतला तर पुढचे सगळे भागही स्टीमवरच घ्यावे लागतात, आणि एकदा पैसे भरलेल्या खात्याला पुन्हा ट्रायलवर येता येत नाही. म्हणून ट्रायलचा रस पूर्ण काढल्याशिवाय अपग्रेडचं बटण दाबू नका. कोणाकडून रुपये देऊन गेममधलं सोनं घेऊ नका, खातं बंद होतं आणि दाद मागायला जागा नसते.

ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायला ई-मँडेट (आधी नोंदवलेली परवानगी) लागतं. परदेशी कंपनीने ती सोय केलेली नसेल तर दुसऱ्या महिन्याचा हप्ता अडतो आणि खातं बंद झाल्यासारखं वाटतं. तिथे ठरावीक दिवसांचा गेम-टाइम विकत घेणं सोपं. जिथे हप्ता नीट कापला जातो, तिथे वर्गणी रद्द केली तरी भरलेले दिवस सहसा खेळता येतात, त्यामुळे पैसे भरले त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करून टाका.