नंबर प्लेटचा लाईट आणि माझी फजिती

परवा रात्री अक्कलकोटहून येताना सोलापुरात शिरताशिरताच ट्रॅफिकवाल्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं पीयूसी बघत्याल, तर साहेब मागं जाऊन म्हणाले, "मालक, नंबरच दिसंना की तुमचा." प्लेटवरचा लाईट बंद, कधीपासून देव जाणे, आपण कुठं मागं जाऊन बघतो! १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमात आहे हे, मागचा नंबर पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. समज देऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी बल्ब आणला, १२ व्होल्ट ५ वॅट, खाली पत्र्याची टोपी नसलेला काचेचा असतो तो. बसवला तरी ढिम्म. मग होल्डर बाहेर काढून बघतो तर आतल्या पितळी पट्ट्या हिरव्यागार, गाडी धुताना पाणी जाऊन जाऊन चढलेला गंज. बॅटरीची वायर काढून पॉलिश पेपरने घासल्या, पट्ट्या जरा आत वाकवल्या, लागला की राव! जुना बल्ब लावून बघितला तर तोपण चालू, म्हणजे नवा उगाच घेतला, आता डॅशबोर्डात पडलाय.

त्या लाईटच्या काचेच्या कडेचं रबर मात्र चिरलंय, ते मिळालं नाही अजून.