आपला आवाज कानावर जरा उशिरा पडला तर? तोतरेपणासाठी घरी करायचा प्रयोग

सगळ्यांबरोबर कविता म्हणताना न अडखळणारं मूल एकट्याला उभं केलं की पहिल्याच शब्दाला अडतं. ओठ मिटलेले, मान ताठ, आणि ‘प’ काही केल्या सुटत नाही. कविता तीच, तोंडही तेच. बदललेलं असतं ते कानावर पडणारं.

बोलताना आपण स्वतःला सतत ऐकत असतो. १९५० मध्ये संशोधक बर्नार्ड ली यांनी दाखवलं, की अस्खलित बोलणाऱ्याला त्याचाच आवाज किंचित उशिरा ऐकवला तर तो अडखळू लागतो. हा गोंधळ साधारण २०० मिलिसेकंदांना, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याला, सर्वात जास्त होतो. तोतरेपणा असलेल्यांचं मात्र बरेचदा उलट घडतं: ५० ते ७५ मिलिसेकंदांच्या उशिराने त्यांची जीभ मोकळी होते. असं का, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण करून पाहता येतं.

१. आधी काहीही न लावता रेकॉर्डिंग करा. दोन मिनिटं वाचन, दोन मिनिटं गप्पा. किती वेळा अडलात ते मोजून लिहून ठेवा. स्वतःला ऐकणं जिवावर येतं, हे मला माहीत आहे. तरी ही पायरी गाळू नका, नाहीतर पुढचा फरक कशाशी ताडून पाहणार?

२. घरातल्या कुणाबरोबर तोच उतारा एका सुरात वाचा. बहुतेकांचं अडखळणं इथे जवळजवळ थांबतं. मध्येच सोबत्याला गप्प व्हायला सांगा आणि काय होतं ते पाहा.

३. आता फोनवर आवाज उशिरा ऐकवणारं अ‍ॅप घ्या. इअरफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथ स्वतःचा उशीर त्यात मिसळतो, मग ५० मिलिसेकंदांचं गणित कोलमडतं. आवाज बेताचा ठेवा, कानाला त्रास होऊ देऊ नका. ५० पासून सुरू करा आणि थोडं थोडं वाढवत जा. उशीर जास्त झाला की बोलणं रेंगाळतं, शब्द ओढल्यासारखे होतात. तिथून मागे या. अ‍ॅपमध्ये आवाजाची पट्टी वर-खाली करण्याची सोय असेल तर तीही वेगळी तपासा. काहींना पट्टी बदलल्याने जास्त फायदा होतो.

४. वाचन छान जमलं म्हणून हुरळून जाऊ नका. वाचताना शब्द समोर तयार असतात. बोलताना ते शोधावे लागतात, समोरचा वाट पाहत असतो. खरी परीक्षा गप्पांची आणि फोनवर स्वतःचं नाव सांगण्याची. गप्पांना इअरफोन एकाच कानात घाला, म्हणजे समोरच्याचं नीट ऐकू येईल.

५. रोज दहा-पंधरा मिनिटं, काही आठवडे. पुन्हा रेकॉर्डिंग करून पहिल्याशी ताडून पाहा. काहींना काहीच फरक पडत नाही, काहींचा सुरुवातीचा फायदा हळूहळू ओसरतो. यात तुमची काहीही चूक नाही. इअरफोन काढल्यावर अडखळणं परत येणंही नेहमीचंच आहे.

लहान मुलांवर हा प्रयोग स्वतःहून करू नका. त्यांना स्पीच थेरपिस्टकडेच न्या. मोठ्या वयात अचानक अडखळणं सुरू झालं असेल, तर अ‍ॅप बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. आणि थेरपिस्टकडे जाल तेव्हा ती दोन्ही रेकॉर्डिंग सोबत न्या. दवाखान्यात कधीकधी नेमकं अडखळायलाच होत नाही.