प्रवासासाठी टेलिफोटो झूम घेताना या चुका टाळा

प्रवासासाठी टेलिफोटो झूम, म्हणजे दूरचे जवळ आणणारी लेन्स, निवडताना बहुतेकांची नजर ३०० की ४०० मिमी या आकड्यावर जाते आणि तिथेच अडकते. खरे तर निर्णय दोन गोष्टींवर व्हायला हवा: लेन्सचे वजन किती आणि लांबच्या टोकाला ती प्रकाश किती आत घेते. कॅननची आरएफ १००-४०० अवघ्या ६३५ ग्रॅमची आहे, पण ४०० मिमीला तिचे अ‍ॅपर्चर एफ/८ पर्यंतच उघडते (अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान). म्हणजे एफ/४ च्या लेन्सला जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० पुरते, तिथे हिला ३२०० लागते. भर उन्हात हा फरक जाणवत नाही, वेरूळच्या लेण्यांत शिरल्यावर मात्र लगेच जाणवतो. तरीही गड चढणाऱ्याने हीच घ्यावी असे माझे मत आहे, कारण किलोभराहून जड ७०-२०० एफ/२.८ बरेचदा हॉटेलच्या खोलीतच राहते.

१८-५५ आणि ७०-३०० मिमीच्या लेन्सांमधली ‘पोकळी’ भरण्यासाठी तिसरी लेन्स घेणाऱ्यांनी त्याऐवजी दोन पावले पुढे चालावे.

स्टॅबिलायझर, म्हणजे हाताचा कंप सावरणारी यंत्रणा, याबाबतची चूक अधिक महाग पडते. सोनीसाठीची टॅमरॉन ७०-३०० हलकी आहे, फक्त ५४५ ग्रॅमची, पण तिच्यात स्टॅबिलायझर नाही. आणि सोनीच्या ए६४०० सारख्या कॅमेऱ्याच्या बॉडीतही तो नसल्याने ही जोडी हातात धरून वापरणाऱ्याला सर्व काही शटर स्पीडवरच सांभाळावे लागते. ए६४०० मधल्यासारख्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ३०० मिमीची चौकट ४५० मिमीइतकी अरुंद होते, त्यामुळे शटर स्पीड १/५०० सेकंदाहून हळू ठेवणे धोक्याचे. मात्र स्टॅबिलायझर हाताचा कंप थांबवतो, समोरच्याची हालचाल नव्हे. फोटो अस्पष्ट आला तर तो मोठा करून पाहावा: सगळी चौकट एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल तर हात हलला आहे, मागची भिंत स्वच्छ आणि चालणारा माणूस तेवढा पुसट असेल, तर भिंतीवर फोकस गेला नसल्यास शटर हळू होते.

सर्वाधिक अन्याय लेन्सवर होतो तो उष्ण हवेमुळे. सिंहगडावरून राजगड हवाई अंतराने सुमारे १५ किलोमीटर आहे. एवढ्या अंतरातली धूळ आणि तापलेल्या हवेची थरथर दुपारी बुरुजांच्या कडा विरघळवून टाकते, आणि अधिक लांब पल्ल्याची लेन्स तीच थरथर अधिक मोठी करून दाखवते. उपाय पहाटे निघणे हाच. लेन्स सदोष ठरवण्यापूर्वी सकाळच्या गारव्यात वीसेक मीटरवरची दुकानाची पाटी, कॅमेरा कठड्यावर टेकवून आणि पाटीला समांतर धरून, १/१००० ला टिपावी. अक्षरे चारी कोपऱ्यांत सारखी आली तर लेन्स ठीक आहे. एकाच बाजूची अक्षरे दर वेळी धूसर येत असतील तर बदलून मागावी. ही चाचणी घेताना लेन्सच्या तोंडावर लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर (संरक्षक काच) काढून ठेवावा, कारण लांबच्या टोकाला तोच अनेकदा दोषी निघतो.

पावसाळी भटकंतीसाठी आणखी एक गोष्ट तपासावी. वर सांगितलेल्या कॅननच्या लेन्सला पाण्यापासून संरक्षण नाही आणि तिच्यासोबत हूडही (लेन्सच्या तोंडाशी बसणारे आच्छादन) येत नाही, तेव्हा रेनकव्हर आणि हूड यांचे पैसे लेन्सच्या किमतीतच धरून तुलना करावी.