पुण्यातून एका दिवसात मुंबईतली नौदलाची युद्धस्मारकं: गाईड घेऊन कशी बघायची

मुंबईला गेलं की आपलं गेटवे, ताज, फार तर एलिफंटा एवढंच होतं, आणि त्याच तीन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात बुडालेल्या खलाशांची, ७१ च्या युद्धाची, ४६ च्या नौदल उठावाची स्मारकं उभी आहेत ती टॅक्सीच्या खिडकीतून मागे पडत जातात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत, भिशीत, सगळीकडे एकच प्रश्न येतो की सकाळी डेक्कन क्वीनने जाऊन रात्री जेवायला घरी येता येईल का. येतं, आरामात येतं, पण पुण्यात आधी थोडी तयारी करायची आणि गाईड नीट पारखून घ्यायचा. कारण किल्ल्यावर गाईड नसला तरी तट-बुरूज तरी दिसतात, इथं दिसणार काय, तर एक खांब, एक पाटी, नावांची यादी. लढाई समुद्रात झाली, जहाज तळाशी गेलं, माणसंही तिथंच राहिली. सांगणारा बरोबर नसेल तर पाच मिनिटांत "झालं ना बघून? चला मग चहाला" असं होतं.

आधीच्या रविवारी पुण्यातच

ही पायरी लोक गाळतात, गाळू नका. कॅम्पातलं नॅशनल वॉर मेमोरियल तुम्ही बाहेरून शंभरदा बघितलं असेल, नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं आणि १९९८ मध्ये खुलं झालेलं. तिथं रणगाडा आणि मिग विमानाभोवती पोरांची गर्दी असते, आणि आयएनएस त्रिशूळची प्रतिकृती मात्र "बोट आहे" म्हणून सोडून देतात. त्रिशूळ ही फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराची लढाऊ नौका. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर नौसैनिक उतरवले गेले त्या कारवाईत ही होती, बेटावर पोर्तुगीजांच्या गोळीबारात आपले सात नौसैनिक गेले. आणि पुन्हा १९७१ मध्ये, ८ डिसेंबरच्या रात्री कराचीवर दुसरा हल्ला झाला त्यात क्षेपणास्त्रं डागली ती विनाश नावाच्या छोट्या मिसाईल बोटीने, पण तिच्या सोबतीला गेलेल्या दोन फ्रिगेट म्हणजे तलवार आणि ही त्रिशूळ. एवढं मुलांना त्या प्रतिकृतीसमोर उभं करून सांगा, मुंबईत निम्मं काम सोपं होतं.

तिथून वेळ असेल तर खडकीच्या वॉर सिमेट्रीत जा. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथं आहेत, प्रत्येकाला एक दगड, नाव, पलटण, तारीख, हिरवळ अगदी नीट कातरलेली. हे बघून मग मुंबईतलं खलाशांचं स्मारक बघितलं की फरक सांगावा लागत नाही.

तिसरं काम घरबसल्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाईटवर नावं शोधता येतात, स्मारकाच्या नावानेसुद्धा. "बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल" निवडलं की पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांची यादी येते. रॉयल इंडियन मरीन म्हणजे आजच्या नौदलाचं जुनं रूप, आणि तिची बरीचशी भरती आपल्या कोकणातून, रत्नागिरीकडून व्हायची. एखाद्या नोंदीत वडलांचं नाव आणि गाव सापडतं. ज्यांचं मूळ गाव तिकडचं आहे त्यांनी आपलं आडनाव घालून बघाच, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाने एकेक नाव कागदावर उतरवून घ्यायचं. आजी-आजोबांना हे काम द्या, मन लावून करतात.

गाईड कसा पारखायचा

फोर्ट-कुलाब्यात हेरिटेज वॉक घेणारे बरेच आहेत, पण त्यातले पुष्कळ इमारतींवर बोलतात, कमानी गॉथिक की निओक्लासिकल वगैरे. ते छानच, पण आपलं काम वेगळं आहे. बुक करायच्या आधी फोनवर सरळ विचारायचं, "१९७१ ला विक्रांत कुठे होती?" कराचीला म्हणाला की आभार मानून फोन ठेवायचा. विक्रांत ही आपली विमानवाहू नौका पूर्वेला, बंगालच्या उपसागरात होती, तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. तेही बॉयलरला तडा गेलेला असताना, पूर्ण वेग न घेता. कराचीवर ४ डिसेंबरच्या रात्री गेल्या त्या निर्घात, निपात आणि वीर या मिसाईल बोटी, आणि म्हणूनच ४ डिसेंबरला नौदल दिन असतो.

दुसरा प्रश्न, "गाझी कशी बुडाली?" पाकिस्तानची ही पाणबुडी विक्रांतच्या शोधात विशाखापट्टणमपर्यंत आली आणि तिथंच बुडाली. आपलं नौदल म्हणतं आयएनएस राजपूतने बुडवली, पाकिस्तान म्हणतं अपघाताने स्फोट झाला. जो गाईड दोन्ही बाजू सांगतो तो घ्यायचा. छाती फुगवून फक्त एकच बाजू सांगणारा दिवसभर ऐकवत नाही, हा माझा स्वभावदोष समजा हवा तर.

पुण्यात निवृत्त नौदल अधिकारी आणि खलाशी कमी नाहीत. सोसायटीत, लाफ्टर क्लबात विचारलंत तर कुणाचे तरी काका-मामा निघतात. असा माणूस बरोबर यायला तयार झाला तर पैसे देऊन घेतलेल्या गाईडपेक्षा दहा पट बरा, कारण "वॉच" म्हणजे काय, बॉयलर रूममध्ये किती उकडतं, जहाज कललं की शिडी कशी चढतात हे तो स्वतःच्या अंगावरचं सांगतो. फक्त त्यांना आधी विचारून ठेवा की किती चालवेल, आणि मुंबईतल्या टॅक्सीचा-जेवणाचा खर्च ग्रुपने करायचा, ते खिशात हात घालतील तरी घालू द्यायचा नाही.

प्रत्यक्ष दिवस

वार कामाचाच निवडा, रविवार नको. रविवारी चर्चमध्ये सकाळची प्रार्थना असते आणि ऑफिसं बंद असल्यामुळे परवानगी द्यायला कुणी भेटत नाही. ४ डिसेंबरच्या आसपास जायचा मोह होतो, पण त्या दिवसांत गेटवेला नौदलाचे कार्यक्रम, बीटिंग रिट्रीट वगैरे असतं, रस्ते अडवलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला निघते आणि साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटी, परतीची पाच दहाला. रिझर्वेशन दोन्ही बाजूंचं एकदमच करा. वाटेत डायनिंग कारमधलं ऑम्लेट किंवा कटलेट खाऊन घ्यायचं, म्हणजे दुपारपर्यंत पोटाची काळजी नाही.

स्टेशनवरून पहिल्यांदा उलट दिशेला, मस्जिद बंदरच्या बाजूला, इंडियन सेलर्स होमला जायचं. इथं आधी फोन करून परवानगी घेतलेली बरी, गेटवर आधार कार्ड दाखवायचं, आवाज कमी ठेवायचा, खलाशांच्या राहण्याची जागा आहे ती. पहिल्या महायुद्धातल्या खलाशांचं स्मारक या इमारतीच्या मागच्या बाजूला आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी नावांची वही आहे, रॉयल इंडियन नेव्ही आणि व्यापारी जहाजांवरचे मिळून सहा हजारांवर लोक, तशीच दुसरी वही चितगावला. व्यापारी जहाजांवरचे म्हणजे कोळसा ओढणारे, इंजिनरूममधले, भंडारी म्हणजे जहाजावरचे स्वयंपाकी. हातात बंदूक नव्हती, टॉर्पेडो लागला की सगळ्यात खाली हेच. घरून आणलेलं कागदावरचं नाव इथं शोधायचं. मी दिवसातला सगळ्यात जास्त वेळ इथंच देते, तुम्हीही द्या, बाकी ठिकाणी दहा-वीस मिनिटं कमी झाली तरी चालतील.

बाहेर पडल्यावर पी. डिमेलो रोडने दक्षिणेकडे टॅक्सी करा आणि डावीकडच्या गोदीच्या भिंतींकडे बघत गाईडला फोर्ट स्टायकिनची गोष्ट सांगायला लावा. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, एकाच जहाजात कापसाच्या गासड्या आणि जवळजवळ चौदाशे टन दारूगोळा, वर सोन्याच्या लगडी. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जलपद्मा नावाचं बाजूचं अख्खं जहाज उचलून धक्क्यावर फेकलं गेलं. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान त्यात गेले, त्यांच्यासाठीच १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. त्यांचं स्मारक भायखळ्याच्या फायर ब्रिगेड मुख्यालयात आहे, ते या दिवसात बसवू नका, उलट्या दिशेला आहे आणि दीड तास जातो.

बॅलार्ड इस्टेटमध्ये पोर्ट ट्रस्टच्या पहिल्या महायुद्धात गेलेल्या लोकांचा एक उंच खांब आहे, पाच मिनिटं पुरेत. जेवायचं तिथंच, ब्रिटानियामध्ये बेरी पुलाव, व्हेजही मिळतो. ते दुपारपुरतंच उघडं असतं, त्यामुळे एकच्या आत टेबल धरा.

जेवणानंतर हॉर्निमन सर्कलचं सेंट थॉमस कॅथीड्रल. आत गार असतं, ज्येष्ठांना बसता येतं, म्हणून दुपारी. रॉयल इंडियन मरीनच्या समुद्रात गेलेल्या अधिकाऱ्यांचं स्मारक इथं आहे. म्हणजे बघा, अधिकारी चर्चमध्ये संगमरवराच्या शेजारी आणि खलाशी मस्जिद बंदरला इमारतीच्या मागे. गाईडने हे नाही बोलून दाखवलं तर तुम्ही बोला. कॅप्टन जॉर्ज हार्डिंग या ब्रिटिश अधिकाऱ्याचं संगमरवरी स्मारकही इथलंच, १८०८ मध्ये फ्रेंच फ्रिगेट पकडताना तो मारला गेला.

तिथून जवळच टाऊन हॉलच्या मागे कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आयएनएस आंग्रे, म्हणजे नौदलाचा जमिनीवरचा तळ, आत जाता येत नाही, पण भिंतीपाशी थांबून ऐकायचं. हेच १९४६ चं कॅसल बॅरॅक्स. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या तलवार या सिग्नल शाळेत खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध संप पुकारला, बघता बघता तो कराचीपर्यंत पसरला आणि २१ तारखेला इथं लष्कर आणि खलाशी यांच्यात चक्क गोळीबार झाला. गेटवेला मुंबईकर खलाशांसाठी जेवण घेऊन गेले. पुढच्या एक-दोन दिवसांत शहरात झालेल्या गोळीबारात दोनशेच्या वर माणसं गेली. २३ ला वल्लभभाईंच्या सांगण्यावरून खलाशांनी शरणागती पत्करली.

मग नौदलाच्या डॉकयार्डचं लायन गेट. समोर शहीद भगतसिंग मार्गावर विक्रांत स्मारक आहे, भंगारात काढलेल्या विक्रांतच्याच धातूतून केलेलं, २०१६ च्या जानेवारीत बसवलं. पुणेकरांना हा धातू ओळखीचा असायला हवा, कारण तोच वापरून आपल्या बजाजने व्ही नावाची बाईक काढली होती, अजूनही एखादी रस्त्यात दिसते. लहान मुलं हमखास विचारतात की विक्रांत तर कोचीला बांधली ना, ती नवी, २०२२ ची, हे आधीच सांगून टाका. फोटो स्मारकाचा काढा, कॅमेरा गेटकडे किंवा डॉकयार्डच्या भिंतीकडे वळवू नका, पहारेकरी लगेच हटकतात आणि त्यांचं बरोबरच असतं. नौदलाचा गौरव स्तंभ या भिंतीच्या आत आहे, सामान्य माणसाला जाता येत नाही, "ओळख काढून आत नेतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

शेवटी टॅक्सीने कुलाबा, ताज वेलिंग्टन म्यूजच्या समोर नौदल उठावाचं स्मारक. कॅसल बॅरॅक्सपाशी ऐकलेलं ताजं असतं म्हणून हे शेवटी ठेवलंय. इथून चारला निघायचंच, कुलाबा कॉजवेवर खरेदीला कुणालाही सोडायचं नाही, एकजण चपला घ्यायला गेला की पंधराजण ताटकळतात.

आयएनएस खुकरीबद्दल लोक हमखास विचारतात. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने ती दीवजवळ बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. तिचं स्मारक दीवला आहे, तो दोन मुक्कामांचा वेगळा प्रवास. मुंबईच्या दिवसात परतीच्या गाडीत गाईडकाकांकडून ऐकून घ्या, लोणावळ्यापर्यंत पुरते.

गाईडचे पैसे, किती तास, किती माणसं, पावसात किंवा परवानगी नाकारली तर काय, हे सगळं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. पंधराच्या वर माणसं नेऊ नका, मागच्यांना ऐकू येत नाही. आणि पाच दहाची गाडी सुटलीच तर सिंहगड एक्सप्रेस बघा, तीही भरलेली असेल तर दादरहून शिवनेरी.