युद्धाच्या इतिहासाची जुनी पुस्तकं घेताय? या चुका टाळा

रद्दीच्या दुकानात लढायांवरचं जाडजूड पुस्तक हाती लागलं की माणूस आधी बांधणी बघतो, मग किंमत. बघायला हवेत नकाशे. घडीचे नकाशे आधी फाटतात, नाहीतर कुणीतरी काढून नेलेले असतात. अनुक्रमणिकेजवळची नकाशांची यादी उघडा आणि दुकानातच एकेक मोजा. फौज कुठल्या अंगानं आली हेच कळत नसेल, तर लढाईचं वर्णन वाचून करायचं काय? ‘पुस्तक तर हाय की, नकाशाचं काय घेऊन बसलाय?’ असं दुकानदार म्हणेल. तिथंच भाव पाडायचा.

पुन्हा बांधून घेताना बाइंडरला ‘कटिंग मारू नका’ असं बजावा. यंत्रावर कडा छाटल्या की नकाशाची घडीच कापली जाते.

आवृत्तीत तर जाणतेही फसतात. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनला तीन खंडांत निघाला. एडवर्ड्सनं संपादित केलेली ऑक्सफर्डची १९२१ची आवृत्ती दोनच खंडांची. ‘एक खंड गहाळ दिसतोय’ म्हणून ती सोडून देणारे असतात. वाचायचंच असेल तर टिपांमुळे तीच सोयीची. शेजवलकरांचं पानिपत इंग्रजीत १९४६ला आलं, मराठीत १९६१ला. ‘पहिली आवृत्ती’ म्हणणाऱ्याला कुठली, ते विचारा. जुन्या मराठी पुस्तकावर नुसतं शके असेल तर ७८ मिळवा, महिना माघ-फाल्गुन असेल तर ७९.

वाचनालयाचा शिक्का असून ‘रद्द’चा नसेल, तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. ती प्रत कुणाच्या तरी कपाटातून उचललेली असू शकते.

आता आपला पाऊस. जून ते सप्टेंबर पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं ही कोल्हापुरातली सगळ्यात महागडी काळजी. आतली ओल आतच राहते, बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, मागे हवा खेळू द्या. दमट कोपऱ्यात कसर लागतेच. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर नकोच. काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि डिंकाचा डाग कायमचा राहतो.

कुंभार गल्ली, दुधाळीसारख्या भागात राहत असाल तर खालचे कप्पे मोकळेच ठेवा. २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको. तरी भिजलंच, तर उन्हात टाकायची घाई करू नका. फोटोंची गुळगुळीत पानं वाळताना एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना चित्रच उखडतं. ओली असतानाच हलक्या हातानं वेगळी करून मध्ये बटर पेपर घाला. पुस्तकं जास्त असतील आणि हात कमी, तर प्रत्येक पुस्तक वेगळ्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. तिथं बुरशी थांबते आणि एकेक काढून वाळवायला सवड मिळते.