स्वतःच्या कादंबरीचं कव्हर स्वतःच कसं करायचं

कादंबरी लिहून झाली, स्वतःच्या पैशानं छापायचीपण ठरली, आता कव्हर. बरेच जण इथंच घाई करतात, नेटवरनं सूर्यास्ताचा एक फोटो घेतात, त्यावर नाव टाकतात आणि प्रेसला पाठवून देतात. माझं म्हणणं, मराठी कव्हरवर आधी अक्षर बघायचं, चित्र मागनं. नाव दमदार बसलं की साधं चित्रपण चालतं.

कंप्युटर लगेच उघडू नका. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर हे वाचनालय 1850 पासून आहे, तिथल्या जुन्या कादंबऱ्या चाळा. दीनानाथ दलालांची कव्हरं बघा, वसंत सरवट्यांची बघा (सरवटे जन्मानं कोल्हापूरचेच), नाव कुठं ठेवलंय, मोकळी जागा किती सोडलीय, रंग किती वापरलेत, ते वहीत टिपून घ्या.

मग आपल्या कादंबरीतली एकच गोष्ट निवडा. समजा गुऱ्हाळावरच्या घराची गोष्ट आहे, तर ऊस, बैल, आजी, गुळाची ढेप सगळं एकत्र कोंबायचं नाही, काळोखात चुलवाणाच्या तोंडाचा लाल उजेड एवढा बास, बाकी सगळी जागा नावाला द्या.

आता अक्षर, आणि इथंच जास्तीत जास्त वेळ घालवा. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट मिळतात आणि विकायच्या पुस्तकावरपण चालतात. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का बघा, काही फॉन्टांत हिंदी वळणाचे येतात आणि मराठी वाचकाला ते खटकतं. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडं गेली किंवा जोडाक्षर तुटलं तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात युनिकोड मराठी नीट येतं. पण मला विचाराल तर पाट्या रंगवणारा एखादा पेंटर गाठा, चित्रकार-सिनेमावाले बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरात ब्रशचा हात असलेली माणसं आहेत, त्यांना रीतसर पैसे देऊन नाव चार-पाच तऱ्हांनी लिहून घ्या आणि 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, असं अक्षर दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावर दिसणार नाही.

चित्राचे हक्क आधी बघा. आपल्याकडं चित्रकार गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान 1931 ला गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा संपला, पण त्या चित्राचा फोटो दुसऱ्यानं काढलेला असेल तर त्याला विचारूनच वापरा. रंकाळ्यावर स्वतः काढलेला फोटो असला तर प्रश्नच नाही.

मापं अशी. डेमी साइज म्हणजे 5.5 बाय 8.5 इंच, साधारण 140 बाय 216 मिमी. कव्हरची फाइल एकच सलग असते, डावीकडं मागची बाजू, मधे कणा, उजवीकडं पुढची. 240 पानं म्हणजे 120 कागद, एका कागदाची जाडी 0.1 मिमी धरली तर कणा 12 मिमी. एकूण रुंदी 292, त्यात कटिंगसाठी चारी बाजूंनी 3 मिमी जादा, म्हणजे फाइल 298 बाय 222. जाडी कागदाप्रमाणं बदलते म्हणून प्रेसकडनं त्याच कागदाचा कोरा डमी मागून घ्या आणि स्वतः पट्टीनं मोजा, नाहीतर कण्यावरचं नाव सरकून पुढच्या बाजूवर येतं. रिझोल्युशन 300 डीपीआय, रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे. स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा हिरवा छापताना मंद होतो, हे आधीच धरून चाला.

मागच्या बाजूला पाच-सहा ओळींचा मजकूर पुरे, आख्खी कथा सांगू नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडं फुकट मिळतो, त्याचा बारकोड पांढऱ्या पट्टीवर काळ्यातच टाका.

ईबुकसाठी फक्त पुढची बाजू लागते, किंडलला 1600 बाय 2560 पिक्सेल, आरजीबीत (म्हणजे स्क्रीनच्या रंगांत). ती मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढी करून बघा, नाव वाचता आलं नाही तर अक्षर मोठं करा किंवा मागचा रंग बदला.

प्रेसला पीडीएफ देताना अक्षरं आउटलाइन करून (म्हणजे फॉन्टऐवजी आकार बनवून) द्या, नाहीतर त्यांच्या मशीनवर फॉन्ट बदलू शकतो. आणि सगळ्या प्रती छापायच्या आधी एक रंगीत प्रूफ हातात घ्या, ते घडी घालून डमीवर गुंडाळा आणि ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या कुणाकडनं तरी तपासून घ्या, कारण रोज बघून बघून आपल्याला ते दिसेनासं होतं.